निसारभाई आणि हातात धरायचा दोर

निसारभाईंची आणि माझी पहिली भेट मी त्यांच्यावर ओरडूनच झाली. धरणाच्या भिंतीवर पांढरी टोपी घातलेला एक उंच, वाळका म्हातारा काठी रोवून बसला होता आणि काठीच्या टोकाला कापसाचा धागा फडफडत होता. कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त होऊन मला तेव्हा दोन वर्षं झाली होती. खुर्ची गेली होती, पण धरणाची भिंत अजून माझीच आहे असं मला वाटायचं.

"ओ बाबा! काय लावलं हे? कोणाले विचारून बसले अठी?"

ते चटकन उठून उभे राहिले. "साहेब, हवा पाहून राह्यलो. हवा दिसत नाई ना, मून धागा बांधला."

"कुठचे तुमी?"

"धाडचा."

"आन हवा पाहाले धाडहून इतक्या दूर आले?"

"हाव. धाडले हवा हाये, पन पाणी नाई." मग जरा संकोचून म्हणाले, "मायाजवळ एक नाव हाये, साहेब. शिडाची. दोन मानसं झोपतीन एवढी खोली हाये तिच्यात."

झालं! म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय असं मी ठरवूनच टाकलं. तरी घरी नेऊन चहा पाजला, कारण धाडकडे परतायला जानेफळपर्यंतची त्यांची एसटी तासाभराने होती आणि माझ्याशी बोलायला त्या काळात दुसरं कुणी नव्हतं. चहा पिताना कळलं की डोकं ठिकाणावर आहे आणि नावही खरी आहे.

निसारभाईंचे वडील धाडला अंबाडीचे दोर वळायचे. निसारभाई विशीत मुंबईकडे गेले आणि खाडीकाठच्या एका कारखान्यात लागले. श्रीमंत लोकांच्या हौसेच्या शिडाच्या नावा तिथे दुरुस्तीला येत. त्या नावांवर दोर आणि कप्प्या बसवायचं काम त्यांनी तीस वर्षं केलं. शीड कसं चढेल, कसं उतरेल, वारा वाढला तर लहान कसं होईल, हे सगळं दोरांवर असतं. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या मुलांना बापाची नाव नकोशी झाली, तेव्हा त्याने ती निसारभाईंना देऊन टाकली. कापसाच्या गठाणी पोचवून रिकामा परतणाऱ्या ट्रकवर टाकून त्यांनी ती धाडला आणली. नवी नवरी पाहायला यावं तसं गाव आलं म्हणे. नंतर चार वर्षं ती घरामागे ताडपत्रीखाली पडून राहिली. शेजारच्या कोंबड्या तिच्या खोलीत अंडी घालायच्या.

"आता काऊन पाण्यात टाकता मंग?" मी विचारलं.

"जैबुनसाठी," ते म्हणाले. जैबुनभाभी म्हणजे त्यांची बायको. "तीस वर्सं ती अठी होती, मी तठी. लेकरं तिनं वाढवली, सासू-सासरे तिनं पाह्यले. साल-दोन सालात मी यायचो, दोर-कप्प्याच्या गोष्टी सांगायचो. ती म्हणे, दोर त तुमचे अब्बाबी वळतेत, त्याच्यासाठी समुंदराकाठी जाचं काय काम? तिनं एकदा त्या नावीत बसावं, साहेब. तीस वर्सं मी काय करत होतो हे तिनं एकदा पाहावं. बस, दुसरं काई नाई."

मी बाहेरून कितीही खेकसलो तरी असल्या बोलण्यापुढे माझं काही चालत नाही. अर्ज लिहिणं, साहेबांना भेटणं, परवानगी आणणं ही कामं मी अंगावर घेतली. दोन महिन्यांनी ती नाव ट्रॅक्टरवर बसून धरणाच्या फुगवट्याशी आली आणि आमची सोबत सुरू झाली.

माणूस मोठा गमतीदार होता. उभा जन्म समुद्राकाठी गेला, पण मासळी तोंडाला लावली नाही. वास आला तरी टोपीचं टोक नाकाला लावायचे. त्यांना ज्वारीची भाकर, ठेचा आणि वर कच्चा कांदा हवा. माझी बायको सुमन हे डब्यात बांधून द्यायची आणि ते दर वेळी डबा धुऊन, पुसून, आत बोरं नाहीतर हरभऱ्याचे घाटे घालून परत करायचे. दुपारी बाभळीखाली पोतं टाकून नमाज पढायचे आणि त्याच पोत्यावर दहा मिनिटं झोपायचे, अगदी दहाच.

वाईट बांधलेली गोष्ट त्यांना सहन होत नसे. एकदा आम्ही एसटीने मेहकरला चाललो होतो. पुढच्या सीटवरच्या बाईचं गाठोडं सैल होतं. निसारभाई आधी खिडकीबाहेर बघत बसले, मग माझ्याशी बोलले, मग पुन्हा गाठोड्याकडे पाहिलं. शेवटी राहवेना. "आपा, जरा इकडं द्या," म्हणून त्यांनी सुतळी सोडली आणि ते गाठोडं असं आवळलं की बाई बघतच राहिली. वर तिला सांगितलं, "हे टोक ओढलं का सारं सुटते. दातानं नोका सोडू." नंतर कंडक्टरने आपली फाटलेल्या पट्ट्याची बॅग पुढे केली आणि मेहकर येईपर्यंत निसारभाईंना उसंत मिळाली नाही.

"बांधता कोणालेबी येते, साहेब," ते म्हणायचे. "ओल्या हातानं, घाईत, एका झटक्यात सुटली पायजे. तवा ती गाठ."

नावेवर त्यांनी चार दोर बसवले. शीड वर चढवायचा पांढरा. शिडाखालचा आडवा दांडा दाबून ठेवायचा निळा. वारा वाढला तर शीड अर्धं गुंडाळायचा हिरवा. आणि शीड आत-बाहेर करायचा लाल. हे सगळे दोर कप्प्यांतून फिरवून त्यांनी मागे, बसायच्या जागेपाशी आणले. एकट्या माणसाला उठावं न लागता नाव चालवता आली पाहिजे हा त्यांचा हट्ट. एकेका कप्पीची जागा ठरवायला त्यांना दोन-दोन दिवस लागत. दोर कुठे घासतो का हे ते डोळे मिटून, तळहातातून तो पूर्ण सरकवून पाहत. टोकं मेणाच्या धाग्याने गुंडाळून बंद करत. "दोराचं टोक उसवलेलं असलं का मले जेवन जात नाई," असं म्हणायचे आणि खरंच जेवत नसत.

लाल दोराला ते दामन म्हणत. जुन्या खलाशांचा शब्द असावा. तो समजावताना त्यांनी मला माझ्या भाषेत सांगितलं. "साहेब, बैलगाडीचा कासरा असते ना, तसा हा. वारा जास्ती झाला, नाव कलंडाले लागली, का हा ढिला सोडाचा. नाव आपोआप उभी राह्यते. एवढं एक केलं त काई होत नाई. मून हा दोर बांधाचा नसते, धराचा असते."

कासरा म्हटल्यावर मला वाटलं, हे तर आपल्याला येतंच. आमच्याकडे बाजारातून परतताना गाडीवान काय करतो? कासरा गाडीच्या खुंट्याला दोन वेढे देऊन आवळतो आणि मागे रेलून डोळे मिटतो. माझे वडील करायचे, मी केलं, सगळे करतात. बैल घर शोधतात. वारा बैलासारखा शहाणा नसतो, हे माझ्या टाळक्यात तेव्हा शिरायला हवं होतं.

पहिल्यांदा शीड चढवलं त्या दिवशी काठावर पंधरा-वीस लोक जमले. लाल दोर माझ्याकडे होता. हात भरून आला म्हणून मी खुंट्याची गाठ मारली आणि ऐटीत बसलो. निसारभाईंनी तिथेच, सगळ्यांसमोर म्हटलं, "साहेब, हे गाठ सोडा. पाण्यानं फुगली का सुटनार नाई."

काठावरून एक जण दुसऱ्याला म्हणाला, "पाह्य बे, साहेबले गाठबी येत नाई!" आणि सगळे हसले.

मी तापट माणूस. राग आला की मला पुढचं-मागचं दिसत नाही. "बत्तीस वर्सं मी हे पाणी पाह्यलं!" मी ओरडलो. "तुमी दोन महिने झाले येऊन, आन मले गाठ शिकवता?" नाव काठाला लागायची वाटही न बघता मी गुडघाभर पाण्यात उडी मारली आणि ओल्या पायजम्यानिशी घरी आलो. आठ दिवस तिकडे फिरकलो नाही.

नवव्या दिवशी निसारभाई पिशवीभर सीताफळं घेऊन दारात उभे. "माफी असावी, साहेब. चार मानसायपुढं बोलाले नव्हतं पायजे म्या."

मी म्हटलं, "असू द्या, असू द्या." ते गेल्यावर सुमनने मला फैलावर घेतलं. "चूक तुमची, रुसले तुमी, माफी त्यायनं मांगली, आन तुमी ती घेऊनबी टाकली! जराशी लाज?"

मी सीताफळ खात राहिलो. त्यानंतर निसारभाईंनी माझी चूक कधीही तोंडावर दाखवली नाही. मी काही बांधलं की थोड्या वेळाने ते म्हणायचे, "साहेब, जरा पाण्याची बाटली देता?" किंवा "साहेब, तिकडचा पक्षी कोनता हो?" मी वळायचो, तेवढ्यात त्यांचा हात आपलं काम करून जायचा. आणि मी मूर्ख समजत होतो, की आपण आता तरबेज झालो!

जानेवारीत जैबुनभाभी आल्या. धाडहून जीप करून, नव्या चपला घालून, नको नको म्हणत. ठेंगणी, ठसठशीत बाई, बोलायला एकदम रोखठोक. काठावर अर्धं गाव आलेलं. सुमनने पुरणाच्या पोळ्या केल्या होत्या. निसारभाईंनी भाभींना नारिंगी जाकीट घातलं, पट्टे स्वतः आवळले, आणि हात धरून नावेत बसवलं. त्या दिवशी त्यांनी दाढीला मेंदी लावली होती. साठीच्या माणसाचा चेहरा इतका उजळलेला मी पुन्हा पाहिला नाही.

मला मोबाईलवर दोघांचा व्हिडिओ काढायचा होता. त्याला दोन्ही हात मोकळे हवेत. निघायच्या आधीच मी लाल दोर खुंट्याच्या गाठीने आवळला, वर आणखी एक वेढा दिला आणि काठावरच्या लोकांना हात केला.

पहिली दहा मिनिटं काय सुंदर गेली! नाव आवाज न करता सरकत होती. भाभी आधी डोळे मिटून बसल्या होत्या, मग एक उघडला, मग दुसरा. "हे सारे दोर तुमीच लावले?" त्यांनी विचारलं.

"सारे," निसारभाई म्हणाले. "हा हिरवा ओढ बरं. ओढ, ओढ."

भाभींनी ओढला. शीड खालून गुंडाळलं जाऊन लहान झालं. "अय्या बाई!" म्हणून त्या लहान पोरीसारख्या हसल्या. निसारभाईंनी ते पुन्हा पूर्ण उघडलं. मी व्हिडिओ काढतच होतो.

टेकडीच्या खिंडीतून वारा आला तो एकदमच. नाव एका अंगावर झुकली. "दामन सोडा!" निसारभाई ओरडले. मी मोबाईल टाकला आणि गाठीला झोंबलो. ती भिजून दगड झाली होती. नखं तुटली माझी, सुटली नाही. मग पाणीच आत आलं. शीड पाण्यावर आडवं पडलं आणि आम्ही तिघेही पाण्यात. पडताना आडव्या दांड्याचा फटका भाभींच्या मनगटावर बसला. मासे धरणाऱ्या भोयांच्या डोंग्या जवळ होत्या म्हणून त्यांना पटकन वर घेतलं. निसारभाई मात्र नावेपाशीच होते. कमरेचा चाकू काढून त्यांनी तो लाल दोर कापला, आणि नाव हळूहळू उभी राहिली. नुसता दोर सुटा असता तर आधीच उभी राहिली असती. हे त्या पाण्यात दोघांनाच माहीत होतं, त्यांना आणि मला.

काठावर भाभी थरथरत बसल्या होत्या. मनगट सुजलेलं, एक नवी चप्पल गेलेली. सुमनने त्यांना शाल गुंडाळली. लोक विचारायला लागले, काय झालं, कसं झालं?

"माई चूक," निसारभाई म्हणाले. "हवा समजली नाई मले."

मी तिथेच, दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तोंड उघडायचं होतं फक्त. सुमन होती, सरपंच होते, ज्यांना बत्तीस वर्षं मी दरडावलं ते सगळे होते. मी आपला पायजमा पिळत राहिलो.

भाभींनी नवऱ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूच म्हणाल्या, "तीस वर्सं हेच करत होते का तुमी?"

निसारभाईंनी खाली पाहिलं.

त्यानंतर नाव पाण्यात गेली नाही. मुलांनी बापाला तंबी दिली. चिखली रस्त्यावरच्या एका ढाब्यावाल्याने ती नेली आणि दारात उभी केली. आता तिच्यात झेंडू लावलाय, डोलकाठीवर रंगीत दिव्यांची माळ आहे, आणि लोक तिच्यापुढे उभे राहून फोटो काढतात. उंद्रीला बहिणीकडे जाताना माझी बस तिथूनच जाते. मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीत बसतो.

सांगायचं मी रोज ठरवायचो. त्याच वर्षी ईदला निसारभाईंनी आग्रहाने बोलावलं. आज सांगायचंच, असं बसमध्ये घोकत मी धाडला गेलो. भाभींनी शीरखुर्मा दिला. त्यांचं मोडलेलं हाड जुळलं होतं, पण मनगट वाकडं राहिलं होतं, वाटी डाव्या हाताने पुढे केली. निसारभाई पान आणतो म्हणून बाहेर गेले ते बराच वेळ आले नाहीत. खोलीत आम्ही दोघंच. भाभी म्हणाल्या, "बरं झालं तुमी आले. हे आजकाल कोणाशी बोलतच नाईत. मी म्हनते, जाऊ द्या, नसन येत नाव चालवता, त्यात काय एवढं? दोर त चांगले वळता ना!"

बाई नवऱ्याला समजावत होती, की तुम्हाला तुमचं काम आलं नाही तरी चालेल! आणि मी काय केलं? "शीरखुर्मा फार छान झालाय भाभी," असं म्हटलं आणि वाटी चाटून पुसून साफ केली. त्या वाटीची आठवण झाली की अजून घशाखाली गोड उतरत नाही.

या पावसाळ्यात जैबुनभाभी गेल्या. मला उशिरा कळलं. गेलो तेव्हा पंधरा दिवस होऊन गेले होते आणि धाडचा बाजार होता. निसारभाई घरी नव्हते. बाजारात ताडपत्री अंथरून बैलांची दावी, म्होरक्या आणि कासरे मांडून बसले होते. मला पाहून उठायला लागले. मी त्यांना खांद्याला धरून बसवलं आणि शेजारी बसलो. भाभींबद्दल बोललो. मग म्हटलं, "निसारभाई, त्या दिवशी ते गाठ म्या मारली होती."

"मले माहीत हाये ना."

"दोर कापला तवा समजलं असन तुमाले."

"नाई. निघालो तवाच पाह्यली होती."

"मंग सोडली काऊन नाई?"

"सारं गाव काठावर होतं, साहेब," ते अगदी सहज म्हणाले. "तुमी रागावले असते. मी म्हनलं, पान्यात गेल्यावर हळूच सोडू. मंग जैबुन हसाले लागली, आन मी इसरलो."

ज्या माझ्या रागाला मी जन्मभर करारीपणा म्हणत आलो, त्या रागाला भिऊन हा माणूस गप्प बसला होता. गाठ तर नंतरची गोष्ट. मी त्यांचा हात धरला. "मले माफ करा निसारभाई. तवाच सांगाले पायजे होतं तुमाले."

"मले काऊन?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज चढला नव्हता. "मले त माहीतच होतं. तिले सांगाचं होतं."

मी मान खाली घातली.

"मी सांगतलं असतं त तिले वाटलं असतं, आपली चूक दुसऱ्यावर लोटून राह्यला. तुमीच सांगाले पायजे होतं. ईदले तुमी आले तवा म्या म्हनलं, आज सांगतीन साहेब. मून त मी पान आनाले गेलो. चौकात उभा राह्यलो, लय वेळ."

तेवढ्यात एक शेतकरी कासऱ्याचा भाव विचारू लागला. निसारभाईंनी त्याला दोन कासरे दाखवले, कोणता बैलाच्या मानेला काचणार नाही ते समजावलं. तो गेल्यावर मी उठलो. आणखी बसायची हिंमत नव्हती. ते नको म्हटलं तरी दुकान तसंच टाकून जीपच्या थांब्यापर्यंत आले. जीप खच्चून भरली होती. पुढे ड्रायव्हरशेजारी एक तरणा माणूस बसला होता. निसारभाईंनी वाकून त्याला म्हटलं, "बेटा, मांगं बस थोडा. साहेबले पुढची सीट दे."

तो उतरला. मी त्याच्या जागेवर जाऊन बसलो.